अनुदान मंजूर झालं, आता सरकारी शाळांत रोबोटिक्स सुरू करायचंय. आधी काय करू?

नवी_समन्वयक

मंडळी, आनंद आणि पोटात गोळा, दोन्ही एकाच दिवशी आलं. आमच्या छोट्या संस्थेने सरकारी शाळांसाठी विज्ञान आणि रोबोटिक्सच्या कार्यक्रमाचा अर्ज केला होता, तो मंजूर झालाय. अठरा महिने, सहा शाळा, सहावी ते आठवी. अर्ज लिहिला माझ्या आधीच्या समन्वयकाने. तो दुसरीकडे गेला आणि कार्यक्रम माझ्या गळ्यात पडला. मी रसायनशास्त्राची. सोल्डरिंग आयर्न आयुष्यात दोनदा हातात घेतलंय, त्यातलं एकदा चुकीच्या टोकाला.

अर्जात कबूल केलंय ते असं: ३६ संच, म्हणजे शाळेमागे सहा. ७२० मुलं, म्हणजे शाळेमागे १२०. बारा शिक्षकांचं सलग तीन दिवसांचं प्रशिक्षण. प्रत्येक शाळेत ‘रोबोटिक्स प्रयोगशाळा’ आणि शेवटी आंतरशालेय स्पर्धा. खर्चाच्या तक्त्यात ७० टक्के रक्कम साहित्याला आहे. पहिला हप्ता खात्यात जमा झालाय आणि पुरवठादाराचा दिवसाआड फोन येतो की मॅडम, ऑर्डर कधी देताय.

माझे प्रश्न साधे आहेत. कोणता संच घ्यावा? आधी साहित्य की आधी प्रशिक्षण? एका वर्गात चाळीस मुलं आणि सहा संच, हे गणित कसं बसवायचं?

आणखी एक. परवा एका शाळेत गेले होते. मुख्याध्यापकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “देताय ते छानच आहे बाई, पण तुटलं तर भरायचं कुणी?” मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जात नाहीये.

जुना_खडू

ताई, ज्या प्रश्नावर तुम्ही हसलात तोच पहिला प्रश्न आहे. बाकीचे त्याच्या मागून येतात.

मी सरकारी शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. मधल्या काळात एका योजनेतून आमच्याकडे असेच संच आले होते. खोके उघडले, फोटो काढले, फलक लागला. मग सगळं लोखंडी कपाटात गेलं. चार वर्षांनी ते कपाट आवरायला काढलं तेव्हा सेल फुटून त्यांची पांढरी-हिरवी पूड खालच्या कप्प्यापर्यंत सांडलेली होती. चाकांचं रबर चिकट झालेलं. आणि सहापैकी चार सर्किट बोर्ड अजून त्यांच्या चंदेरी पिशवीत, सील न तोडलेले.

आता तुम्ही म्हणाल, कसला आळशी शिक्षक. त्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. मला विषय आवडत होता, संच चालवताही येत होता. पण त्यातली एकेक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत माझ्या नावापुढे चढवलेली होती. ज्याला सगळे डेड स्टॉक म्हणतात, तीच वही. बदलीच्या वेळी एक सेन्सर कमी भरला तर त्याचा हिशेब मी द्यायचा. मग मी काय करायचो? वर्षातून दोनदा रोबो टेबलावर ठेवायचा, स्वतः चालवायचा, आणि मुलं हाताची घडी घालून बघायची. टाळ्या वाजायच्या. अहवालात ‘१२० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला’. खोटं नव्हतंच ते. लाभ म्हणजे काय, एवढंच कुणी विचारलं नाही.

म्हणून कोणता संच घ्यायचा हे ठरवायच्या आधी ही कामं करा. बोर्ड, मोटारी, सेन्सर, तारा हे सगळं शाळेच्या दप्तरात खर्ची पडणारं साहित्य म्हणून चढेल याची सोय लावा. खडू चढतो तसं. खडू झिजला म्हणून कुणी शिक्षकाच्या पगाराला हात लावत नाही. ते जमत नसेल तर साहित्य तुमच्या संस्थेच्या नावावर ठेवा आणि शाळेला वापरायला द्या. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी एक पत्र द्या: वर्षाला इतकी तुटफूट गृहीत धरली आहे, ती शिक्षकाकडून वसूल होणार नाही. खाली सही आणि शिक्का. मी पाचवा हिस्सा धरला असता. हा माझा अंदाज, पण निदान आकडा तरी लिहा. नुसतं ‘योग्य काळजी घ्यावी’ असं लिहिलंत की कपाटाला कुलूप लागलंच म्हणून समजा.

दुसऱ्या शाळेत मला हे करायला मिळालं. तिथे आम्ही तुटफूट वही ठेवली आणि ती मुलांनीच लिहायची असा नियम केला. पहिल्याच महिन्यात अकरा नोंदी झाल्या. मुख्याध्यापक जरा घाबरले. एक नोंद मला अजून पाठ आहे. सातवीतल्या एकाने लिहिलं होतं, “मोटारची तार ओढली. तुटली. सोलून परत जोडली. आता मोटार उलटी फिरते.” त्याखाली वेगळ्या अक्षरात, वेगळ्या पेनाने: “लाल-काळी उलटी लागली. बघ जरा.” त्या दोन ओळींसाठी मी पाठ्यपुस्तकातला अख्खा धडा द्यायला तयार आहे.

प्रशिक्षण सलग तीन दिवस नको. पहिला दिवस घ्या, मग शिक्षकांना महिनाभर वर्गात जाऊ द्या, तिथे काय काय अडलं ते घेऊन दुसरा दिवस, असं करा. आणि पहिल्या तासाला चालणारा रोबो दाखवूच नका. मुद्दाम बिघाड करून ठेवलेला द्या: एक तार सैल, एक सेल उलटा. शिक्षकाने स्वतःच्या हाताने एक बिघाड शोधला की त्याची भीती निम्मी उतरते. बारापैकी दोन-तीन जण त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर खालीच ठेवणार नाहीत. तुमचा कार्यक्रम पुढे त्यांच्याच जिवावर चालेल, त्यांचे फोन नंबर जपून ठेवा.

खरेदीला वेळ लागतोय तर लागू द्या. गणितज्ञ सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाला आज्ञा द्यायची भाषा केली ती १९६७ साली, आणि नंतर तिच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव केलं. ते कासव आपल्याकडे नसलं तर एका मुलालाच कासव करायचं. फरशीवर खडूने वाट आखायची, दुसऱ्याने आज्ञा द्यायच्या. आमच्या वर्गात एकीने नुसतं “वळ” म्हटलं, आणि कासव झालेला पोरगा गरगर फिरतच राहिला. “किती वळू ते सांग ना!” कोनाची गरज त्या दिवशी जितकी कळली तितकी नंतर कधी शिकवता आली नाही. खर्च अर्धा खडू.

सोल्डरवाला

खडू सरांनी मनाचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. मी शाळांचे संच दुरुस्त करतो. ‘बिघडलेले’ म्हणून जे येतात त्यातल्या बहुतेकांत बिघाड नसतो, सेल उतरलेले असतात.

चार साधे अल्कलाइन सेल म्हणजे ६ व्होल्ट. चार्ज होणारे निकेलचे चार घेतले तर १.२ गुणिले ४, म्हणजे ४.८. त्यात स्वस्त संचात हमखास एल२९८एन हा मोटार ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या सांगण्यावरून मोटारीला वीज सोडणारा भाग, असतो, तो स्वतःच जवळपास २ व्होल्ट खातो. मोटारीला उरले पावणेतीन. ती गुणगुणते पण जागची हलत नाही. मुलं कोड चार वेळा तपासतात, सर पाचव्यांदा तपासतात, आणि कोड पहिल्यापासून बरोबर असतो. तेव्हा एकतर टीबी६६१२सारखा कमी खाणारा ड्रायव्हर घ्या, नाहीतर सहा सेलचं खोकं लावा.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटारीला लावू नका, तेवढा प्रवाह ती देऊच शकत नाही. सर्व्होला, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटारीला, बोर्डाच्या ५ व्होल्टवर जगवू नका. ती झटका मारते, व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो आणि सगळे म्हणतात रोबोला भूत लागलं. तिला वेगळी वीज द्या, ग्राउंड, म्हणजे वजा टोकाची तार, मात्र एकच ठेवा. सुटे लिथियम सेल सहावी-सातवीच्या वर्गात नकोतच. चावीच्या जुडग्याने शॉर्ट झालेला सेल मी पाहिलाय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

केबल! यूएसबी केबल दिसायला सगळ्या सारख्या, पण काहींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. आल्या आल्या एकेक तपासा, चांगलीला रंगीत टेप लावा, बाकीच्या वर्गाबाहेर काढा. आर्डुइनो म्हणजे कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड. स्वस्त आर्डुइनोंवर संगणकाशी जोडणारी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (इथे संगणकातलं सॉफ्टवेअर) टाकावा लागतो, आणि शाळेच्या संगणकाचा अ‍ॅडमिन पासवर्ड तीन वर्षांपूर्वी बदली झालेल्या कुणालातरी माहीत असतो. तो आधी शोधा. नेट नसेल हे धरूनच चला, स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून कोड करायचं मुलांचं सॉफ्टवेअर, इंटरनेटशिवायही टाकता येतं.

संच कोणता? मुलं सहावीची असतील तर मायक्रोबिट हा मुलांसाठीचा छोटा बोर्ड. पंचवीस एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, सगळं त्यावरच असतं. पहिल्या दिवशी एकही तार न जोडता काहीतरी चालतं. आठवीला आर्डुइनो द्या. एकाच कंपनीचे एकमेकांतच बसणारे तुकडे असलेले महाग संच सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण १९९८ला आलेलं लेगो माइंडस्टॉर्म्ससुद्धा २०२२च्या अखेरीस बंद झालं. हरवलेला भाग दुसरीकडून आणता येतो का, एवढं विचारा आणि मग ऑर्डर द्या. आणि छत्तीस एकदम नकोत. एक आणा, स्वतः महिनाभर झिजवा.

आडवा_प्रश्न

सगळे उत्साहात आहेत म्हणून जरा पाणी ओततो. मी गणित शिकवतो. आठवीत भागाकार न येणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना रोबो कशाला?

पेरूमध्ये ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही योजना झाली. ३०० हून जास्त ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचा निकाल २०१२ मध्ये आला. संगणक शाळेत पोहोचले, मुलांनी वापरलेही. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. वस्तू वाटली की शिक्षण होतं हा समज काही जात नाही. अनुदान देणाऱ्याला फोटो हवा असतो आणि रोबोचा फोटो भागाकारापेक्षा चांगला येतो.

जुना_खडू

सर, निम्मं मान्य. टाळ्यांसाठी रोबो असेल तर खरंच नको. पण रोबोत मोजायला काय काय मिळतं ते एकदा बघा.

अंतर मोजणारा तो दोन डोळ्यांचा सेन्सर असतो ना, एचसी-एसआर०४. तो आवाज सोडतो, भिंतीवरून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणायचं आणि दोनने भागायचं. का भागायचं, तर जाणं-येणं दोन्ही मोजलंय म्हणून. झाला तुमचा भागाकार. आणि इथे तो चुकला तर रोबो भिंतीवर आपटतो, लाल शाई लागत नाही.

आम्ही कोडमध्ये सेकंदाला ३४३ मीटर हा वेग ठेवला होता. सकाळी भिंत बरोबर दोन मीटरवर दिसली. दुपारी तोच सेन्सर, तीच भिंत, आणि अंतर जवळजवळ पाच सेंटिमीटर कमी! पोरं म्हणाली सेन्सर खराब. टेपने मोजलं, भिंत जागेवरच. दोन दिवस वाद चालला. सेल उतरले असतील म्हणून सेल बदलले, कुणी टेबल सरकवलं असेल म्हणून फरशीवर खुणा केल्या. शेवटी एकाने वर्गातला तापमापक आणून शेजारी ठेवला. सकाळी २०, दुपारी ३५. हवा तापली की आवाज जोरात पळतो, अंशामागे सेकंदाला साधारण ०.६ मीटर. ३४३ हा आकडा २० अंशांचा होता. मग सूत्रात तापमान घातलं आणि भिंत परत जागेवर गेली. हे विज्ञान नव्हे तर काय? संच तिथे निमित्त होता, पण त्या निमित्ताशिवाय त्या वर्गाने आवाजाच्या वेगावर दोन दिवस भांडण केलं नसतं.

तिसरा_बाक

मी लिहिते थोडंच. गट पाडताना भूमिका आधीच ठरवा आणि दर तासाला फिरवा: एक बांधणारा, एक कोड लिहिणारा, एक मोजणारा, एक नोंद ठेवणारा. नाहीतर काय होतं ते मी दोन वर्षं पाहिलं. अक्षर चांगलं म्हणून वही मुलीकडे, आणि स्क्रू ड्रायव्हर ज्याने आधी ओढला त्याच्याकडे. वर्षाअखेर त्या मुलीची वही प्रदर्शनात लागली. तिने एकही स्क्रू फिरवला नव्हता.

चाळीस मुलं आणि सहा संच असतील तर एका वेळी अर्धाच वर्ग संचांवर. वीस मुलं, तीन-चारांचा गट. उरलेल्या अर्ध्यांना पुढच्या तासाचा अंदाज मांडायला द्या. सात जणांच्या गटात तीन जण काम करतात आणि चौघं गर्दी.

अर्ज_वाचणारा

मी दुसऱ्या बाजूचा. अनुदानाचे अर्ज आणि अहवाल वाचणं हे माझं काम. समन्वयक ताई, तुमच्या तक्त्यात दुरुस्तीचा रकानाच नाहीये, हे तुमच्या लक्षात आलंय का?

घाबरू नका. मंजूर रक्कम तेवढीच राहणार असेल तर एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवायची परवानगी बहुतेक देणगीदार देतात. पण खर्च करायच्या आधी मागितली तर. खर्च झाल्यावर मागितली की तीच गोष्ट अनियमितता होते. याच आठवड्यात एक पानाचं पत्र लिहा: साहित्य कमी, दुरुस्ती आणि शिक्षकांकडे परत परत जाण्याचा खर्च जास्त, कारण अमुक.

सोबत मोजमापही बदलून मागा. ‘७२० लाभार्थी’ हा आकडा माझ्यासमोर रोज येतो, त्यावरून मला काहीच कळत नाही. त्याऐवजी हे लिहा: बाराव्या महिन्यात किती संच चालू स्थितीत आहेत, त्या महिन्यात ते किती तास मुलांच्या हातात होते, आणि बाहेरचं कुणी वर्गात नसताना किती शिक्षकांनी तास घेतला. खडू सरांची तुटफूट वही मला अहवालाला जोडून आली तर मी ती पहिल्यांदा वाचेन. एकही नोंद नसलेली वही आली तर मात्र काळजी वाटेल.

आणि अठरा महिने म्हणजे अठरा महिने नव्हेत. परीक्षा, सुट्ट्या, खरेदीची कागदपत्रं काढली की हातात दहा-अकरा उरतात. दिनदर्शिका समोर घेऊन मोजा. स्पर्धा शेवटच्या महिन्यात ठेवली असेल तर ती अलीकडे आणा. शेवटचा महिना हिशेबातच जातो.

आडवा_प्रश्न

भिंतीची गोष्ट मी माझ्या वर्गात करून बघणार आहे. सेन्सर कुठला म्हणालात?

नवी_समन्वयक

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

देणगीदारांना पत्र गेलं. साहित्य ७० वरून ५५ टक्के, दुरुस्तीला १०, उरलेलं शिक्षकांकडे फेऱ्या मारायला. चार दिवसांत होकार आला. मी उगाच दोन रात्री जागले. तुटफुटीचं पत्रही केलं. सहापैकी चार मुख्याध्यापकांनी लगेच घेतलं, दोघं वरून विचारतो म्हणाले. पहिली सही कुणाची, तर ज्यांनी मला तो प्रश्न विचारला होता त्यांची. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, “हे आधी कुणी दिलं असतं तर.” पुढचं बोललेच नाहीत.

पुरवठादाराकडून एकच संच मागवला. तो जरा नाराज झाला. सोबत पाच केबल आल्या, त्यातल्या दोन नुसत्या चार्जिंगच्या. सोल्डरवाले दादा, टेप लावली.

काल त्या प्रश्न विचारणाऱ्या मुख्याध्यापकांच्याच शाळेत तो संच सातवीच्या गटाला दिला आणि अडले. दोन्ही मोटारींना सारखाच वेग दिलाय, तरी रोबो सरळ जात नाही, डावीकडे कलतो. मला कारण सापडेना. मुलांना काय सांगू?

जुना_खडू

काही सांगू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा नियम घालून द्या. डावी मोटार उजवीकडे लावा: दोष तिच्याबरोबर गेला तर मोटार. नाही गेला तर चाकं. नाही तर पुढचं छोटं फिरतं चाक, त्यात केस अडकतात. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहायचा, मग बदलायचं. आणि तुम्ही खुर्चीवर बसा. हेच सगळ्यात अवघड असतं.

नवी_समन्वयक

बसले. हात मांडीखाली दाबून बसले.

मोटारी बदलल्या, डावीकडेच. चाकं बदलली, तरी डावीकडेच. छोट्या चाकात खरंच एक केस निघाला, सगळे ओरडले, आणि रोबो पुन्हा डावीकडे गेला. मग एका मुलीने, आतापर्यंत ती नुसती नोंदी लिहीत होती, रोबो उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून ठेवला. तो उजवीकडे कलला.

आज वही बघितली. तिने लिहिलंय, “रोबो बरोबर आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे.” खाली मुख्याध्यापकांची सही आणि ‘दुरुस्तीस पाठवावे’.